सबनीस सरांचं बोट

महिनाभर जशोदा वळवीच्या भाकरीची कड जाड राहत होती. तिने पीठ बदललं, तवा बदलला, चुलीला नावं ठेवून झाली. शेवटी कारण तिच्या नवऱ्याला, रामसिंगला दिसलं.

"बोट बघ तुझं," तो म्हणाला. "थापताना पहिलं बोट वरच राहतं. कपबशी धरलेल्या साहेबासारखं."

जशोदाने पाहिलं. उजव्या हाताची तर्जनी खरंच वर होती. तिने ती मुद्दाम टेकवली. दोन थापांनंतर ती पुन्हा वर. रामसिंग हसला, तीही हसली. मग तिचं हसू थांबलं, कारण ही सवय तिची नव्हतीच. ती डॉ. सबनीसांची होती.

सातपुड्यातल्या उमरखेडीच्या दवाखान्यात जशोदा एकोणीस वर्षं परिचारिका होती. तिथे डॉक्टर टिकत नाही आणि सोनोग्राफीची गाडी पंधरवड्यातून एकदा येते. म्हणून तिने प्रगत रुग्णचिकित्सेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम घेतला होता. तो पास झाला की परिचारिकेलाही निदान करता येतं, स्वतःच्या सहीने उपचार सुरू करता येतात. या अभ्यासक्रमात पोट कसं तपासायचं ते शिकवणारं साधन म्हणजे 'गुरुहस्त'. अभ्यासक्रमाचे प्रमुख असलेल्या सबनीस सरांनी हजारभर पोटं तपासली, तेव्हा त्यांच्या हातात संवेदकांचा पातळ हातमोजा होता. कोणतं बोट कुठे, किती दाबाने, किती वेळ, सगळं त्यात नोंदलं गेलं. आता तो मोजा विद्यार्थ्याने घातला की बोटं सरांच्या वाटेने चालतात आणि वाट सुटली की मोजा गुणगुणतो. परीक्षेत सरांच्या हाताशी नव्वद टक्के जुळणी लागते.

पहिल्या खेपेला जशोदाला चौऱ्याऐंशी मिळाले होते. शेरा होता: तर्जनी अनावश्यक दाबते. म्हणून सहा महिने तिने ती वर ठेवायचा सराव केला, दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पोटावर. बाकीचे विद्यार्थी तर या उचललेल्या बोटाला सरांची लकब म्हणत आणि मोठ्या अभिमानाने मिरवत. सहा वर्षांत असे अकराशे जण बाहेर पडले होते.

जशोदा तव्यासमोर बसून राहिली. पोट तपासताना मूल श्वास घेतं, तेव्हा वाढलेली प्लीहा, म्हणजे पानथरी, खाली सरकते आणि सगळ्यात आधी तर्जनीच्या कडेला टेकते. ती तर्जनीच वर असेल तर?

बुधवारी जिल्हा रुग्णालयात तिची परीक्षेची दुसरी आणि शेवटची संधी होती. परीक्षक खुद्द सबनीस सर होते. वय अठ्ठ्याहत्तर, पांढरा शर्ट, बोलणं मोजकं. खाटेवर तीन वर्षांची मुलगी होती, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची. आई उशाशी उभी होती.

जशोदाने मोजा चढवून पोट तपासलं. पडद्यावर त्र्याण्णव टक्के आले. प्लीहा लागत नव्हती.

"छान," सर म्हणाले. "निदान सांगा."

जशोदाने मुलीची पापणी हलकेच खाली ओढली. आतून पांढरीफटक होती. "केव्हापासून अशी मलूल आहे?" तिने आईला विचारलं.

"सकाळपासून, बाई. दूधपण नाही घेतलं."

जशोदाने मोजा काढला. पडद्यावरचा आकडा शून्य झाला.

"सिस्टर, मोजा काढला तर ही परीक्षा बाद होते," सर म्हणाले.

"माहीत आहे, सर." तिने तर्जनी टेकवून पोटावर हात ठेवला आणि मुलीच्या चेहऱ्यावर फुंकर घातली. मुलीने दचकून श्वास घेतला. बरगडीखाली काहीतरी सरकत येऊन बोटाला लागलं. "सर, पानथरी तीन बोटं वाढलीय. रक्त तिच्यात साठतंय. हिला आत्ता रक्त चढवायला हवं."

सरांनी पुढे होऊन स्वतः तपासलं. तर्जनी वर होती. "लागत नाही."

"बोट टेकवा, सर."

सरांनी उजवा हात उचलला आणि डावा ठेवला. मुलीने श्वास घेतला. सरांचा चेहरा उतरला.

"रक्तपेढीला फोन करा," ते मागे वळून दारातल्या परिचारिकेला म्हणाले. मुलीला आत नेल्यावर ते खुर्चीत बसले. "मला मधुमेह आहे. मोज्यात नोंदी भरल्या त्याच्या आधी दोन वर्षं ही तर्जनी बधिर झाली होती. वाटलं, मधल्या बोटावर भागेल. कुणाला सांगितलं नाही. लाज वाटली."

जशोदाला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. पण राग जास्त होता. "अकराशे जणांना आजच कळवा, सर. सही तुमचीच पाहिजे."

"तुमच्या निकालाचं काय?"

"तो नंतर बघू."

सरांनी कागद ओढला आणि लिहायला घेतलं. त्यांची सही होईपर्यंत जशोदा समोर उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्याची वही काढली. सहा महिन्यांत त्रेचाळीस मुलांपुढे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: पानथरी लागत नाही. रामसिंगने पाड्यापाड्यावर निरोप धाडले. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता पहिली आई मुलाला घेऊन आली. तिचं नाव रायली, चार तासांची पायपीट करून आलेली.

"बाई, मागच्या महिन्यात तुम्हीच म्हणालात, काही नाही."

"म्हणाले होते. चुकलं माझं. पुन्हा बघू दे."

मुलाला खाटेवर झोपवून तिने पोटावर हात ठेवला. तर्जनी आपसूक वर गेली. तिने दुसऱ्या हाताने ती खाली दाबली आणि तशीच दाबून धरली.

"श्वास घे, बाळा."

रायली तिच्या तोंडाकडे बघत होती.

"आता तरी नक्की कळतंय ना, बाई?"