राखून ठेवलेला परिच्छेद

विदर्भ तिकडे मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट इकडे मध्य प्रदेशात राहिलं, त्या वाटणीत मराठीच्या तासाच्या वाट्याला मुलींच्या शाळेतली शेवटची खोली आली. मागे छोट्या रेल्वेचे रूळ, पुढे सडक आणि बसचा थांबा. मधल्या सुट्टीत डाळभात खाऊन मुली डुलक्या घेऊ लागल्या की लीलाबाईंनी तिथे मराठी शिकवायची. नवी पुस्तकं येणं केव्हाच बंद झालं होतं. जुनीच, जाड दोऱ्यानं पुन्हा शिवलेली, मोठ्या बहिणीकडून धाकटीकडे चालली होती. मुली आपसांत हिंदीत भांडत आणि पुस्तक उघडलं की मराठी होत. बाई म्हणत, "भांडायला कोणतीही भाषा चालते गं, वाचायला मात्र माझ्या तासाला मराठीच." कुणी हसत नसे, तरी त्या दर वर्षी म्हणत.

बाई भंडाऱ्याकडच्या, विधवा, एकट्या. त्यांच्या वर्गाची एक रीत होती. धडा सगळ्यांनी मिळून वाचायचा, एकेकीनं एकेक परिच्छेद. जी आली नसेल तिचा परिच्छेद दुसरीनं वाचायचा नाही. तो तिच्यासाठी राखून ठेवायचा. धानकापणीला किंवा लहान भावाला सांभाळायला पोरी सारख्या घरी राहत. परत येताना आपली जागा अजून आहे असं तिला वाटावं, एवढाच बाईंचा हेतू.

असे परिच्छेद दोन-चार दिवसांत वाचून होत. सत्यभामेचा मात्र कित्येक वर्षं तसाच राहिला होता.

तो ठकूच्या धड्यातला शेवटचा, ठकू घरी येते तो परिच्छेद. ठकूनं लहानाचं मोठं केलेलं बकरीचं पिल्लू विकायला बाप तिला पहिल्यांदाच एकटीला बाजारात पाठवतो. ती ते विकते, त्याच्या गळ्यातली घंटी तेवढी मागून घेते आणि घरी येते. आई विचारते, रडलीस का? ठकू म्हणते, नाही. धड्याखाली प्रश्न होता : ठकू का रडली नाही? सगळ्या मुली लिहीत, 'कारण ती आता मोठी झाली होती.' सत्यभामा उभी राहून म्हणाली होती, "बाई, घरी आली ते ठकू नव्हतीच. ठकू बाजारातच राह्यली." वर्ग खो खो हसला. बाई म्हणाल्या, "पुस्तकात तसं नाही. बस खाली."

आठवडाभरात सत्यभामेचं लग्न ठरलं, राजेगावला. वर्गात तिच्याइतकं स्वच्छ कुणी वाचत नव्हतं. जाताना ती दाराची चौकट धरून रडू लागली, तेव्हा बाईंनी तिची पाठ थोपटली. "रडू नको पोरी. तुझा परिच्छेद ठेवते मी." सत्यभामेचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. तेव्हापासून दर वर्षी ठकूच्या धड्याचा शेवट बाई तोंडीच सांगत. "हा सत्यभामेचा," म्हणून पुस्तक मिटत.

यंदा त्यांचा जीव ललितावर होता. ललिता डोमाजीची थोरली. डोमाजी धानाचा शेतकरी, अक्षरशत्रू. बसची पाटी असो की खताचं पोतं, लेकीनं वाचल्याशिवाय त्याचं पाऊल पुढे पडत नसे. त्याचा त्याला कोण अभिमान! पण माघात तो शाळेत आला तो निरोप घेऊन.

"सोयरिक झाली, मास्तरीणबाई. पोरगा उकव्याच्या खदानीत हाय. सोमवारी नेतो ललिताले."

"परीक्षा तोंडावर आली आहे. तेवढी तरी देऊ द्या."

"परीक्षा देऊन का करन थे?"

"आणि तुम्हाला बसची पाटी कोण वाचून दाखवील?"

डोमाजी जायला वळला. "पुसत जाईन लोकाईले," म्हणाला.

त्याच आठवड्यात ठकूचा धडा सुरू होता. शेवटच्या परिच्छेदाशी बाई थांबल्या, "हा सत्यभामेचा," म्हणाल्या आणि पुस्तक मिटायला गेल्या. मुलींनी पुस्तकं मिटली नव्हती. सगळ्यांची बोटं ओळीखालून सरकत होती. सगळ्यांची एकाच वेगानं. परिच्छेद पान उलटून पुढे जातो, तिथे सगळ्यांनी एकदम पान उलटलं.

पोरी थट्टा करताहेत, बाईंना वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. रुळांवरून गाडी गेली, मग शांत झालं. त्या शांततेत खिडकीजवळच्या रिकाम्या बाकावरून वाचन ऐकू आलं. हळू, स्वच्छ, प्रत्येक वाक्याआधी जरासं थांबून. सत्यभामा तशीच थांबायची.

तास संपल्यावर त्यांनी ललिताला थांबवून घेतलं.

"तुला काही ऐकू आलं?"

"हौ. सत्यभामाचा नंबर होता न."

"तू पाहिलं आहेस तिला?"

"नाही जी. पण ते रोज वाचते. तुमचं ध्यान नसते." बाईंचा चेहरा पाहून ललिता गोंधळली. "काहून बाई? तुम्हीच तं ठेवलाय तिचा."

बाईंच्या मनात आलं ते अभद्रच. रविवारी त्यांनी राजेगावची बस धरली. सत्यभामेच्या घरी काय ऐकावं लागेल, याच धास्तीत त्या पिशवीतलं पुस्तक धरून बसल्या होत्या.

सत्यभामा अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. अंगानं भरलेली, हसतमुख, पाठीशी मूल बांधलेलं. बाईंना इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. "ओळखलंस का गं?"

सत्यभामा हसली. "नाही जी. कोण तुम्ही?"

"मी लीलाबाई. तुझ्या शाळेतली."

सूप खाली ठेवून तिनं सासूकडे पाहिलं. सासू, गोदाबाई, मोठ्यानं हसली. "हे अन् शाळा? अंगठा लावते थे, बाई."

सत्यभामेला बालाघाटचं माहेर आठवत होतं. दारातली जांभूळ, बापाचा खोकला, बोरं विकणारी म्हातारी, सगळं. शाळा तिनं सडकेवरून पाहिली होती म्हणे. आत कधी गेली नव्हती. बाईंनी पिशवीतून पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. पदराला हात पुसून तिनं ते अदबीनं घेतलं. उलटं.

"यात चित्र नाही का जी?" तिनं विचारलं.

परतीच्या बसमध्ये बाईंनी एकच गाठ मनाशी बांधली. ललिताचं लग्न आपल्याच्यानं मोडत नाही, पण ललितानं जाताना पुरं जायचं. तिचं वाचन तिच्याबरोबर जायचं. मागे काही ठेवायचं नाही.

सोमवारी त्यांनी वर्गात पाऊल टाकताच सांगितलं, "ललिता, आज पहिला नंबर तुझा. बाजाराचा परिच्छेद शेवटपर्यंत वाच. मध्ये थांबू नको."

ललिता उभी राहिली. ठकू बाजारात पोचली. पिल्लाच्या पाठीवर गिऱ्हाइकाचा हात पडला. ललिताचा आवाज घोगरा होत होता, पण ती वाचत होती. अजून थोड्याच ओळी राहिल्या होत्या.

दारात डोमाजी उभा होता. नवं धोतर, हातात पिशवी.

"चाल माय. गाडी लागली."

"दोन मिनिटं," बाई म्हणाल्या. "एवढं संपू द्या."

"गाडी थांबते का, बाई?"

त्यानं लेकीचा हात धरला. वाक्य अर्ध्यात तुटलं.

दाराशी पोचल्यावर ललितानं चौकट धरली. सुटेचना. तोंडातून आवाज नाही, सगळं अंग गदगदत होतं. लहानपणापासून पाहिलेलं लेकरू. बाईंना ते बघवलं नाही. त्या धावत गेल्या, तिची पाठ थोपटली, आणि जे वर्षानुवर्षं त्यांच्या तोंडात बसलं होतं तेच बाहेर पडलं.

"रडू नको पोरी. तुझा परिच्छेद ठेवते मी."

ललिताचं रडणं थांबलं.

तिनं चौकट सोडली. पदरानं तोंड पुसलं आणि बापाच्या मागे निघाली.

बाईंना आपण काय बोललो ते कळलं, तोवर दोघं फाटकाबाहेर गेली होती. "ललिता!" त्यांनी दारातून हाक मारली. तिनं मागे वळून पाहिलं, परक्या बाईकडे पाहावं तसं, आणि पुन्हा तोंड फिरवलं.

सडकेवर दोन बस उभ्या होत्या. डोमाजीनं सवयीनं लेकीकडे पाहिलं.

"आपली कोणती? वाच बरं."

ललितानं पाटीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हसली.

"मले कुठं वाचता येते, बाबा? पुसा न कोणाले."

बाईंच्या पाठीमागे, वर्गात, गिऱ्हाइकानं पिल्लाच्या गळ्यातली घंटी सोडली. वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं होतं. आवाज आता घोगरा नव्हता.

सगळ्या मुलींनी एकदम पान उलटलं.

लीलाबाई वळल्या नाहीत. हातातल्या पुस्तकावर त्यांचं बोट ओळीखालून पुढे सरकत होतं.