सुरईत बसलेले शीफू

चीनमधल्या दाफेनच्या चित्रगल्लीत दक्षिणेचा दमट वारा सुटला होता. भिंतींना घाम फुटला होता, फरशीवर चपला घसरत होत्या, आणि तैलरंग काही केल्या सुकत नव्हता. असल्या हवेत तिथले जुने कारागीर फळं काढतात, पेले काढतात, माणूस मात्र काढत नाहीत.

"का नाही काढायचा?" रूयुननं विचारलं.

"माझ्या शीफूंनी सांगितलंय," तिचे गुरू, पांग शीफू, म्हणाले. "रंग ओला असेतो माणूस जागेवर बसत नाही."

"आणि त्यांना कुणी सांगितलं?"

"त्यांच्या शीफूंनी."

"झालं! म्हणजे इतक्या पिढ्यांत एकानंही काढून बघितलं नाही!"

रूयुन कला महाविद्यालयातून शिकून आलेली. शीफूंच्या हाताखाली जुन्या चित्रांच्या नकला करायला लागली तेव्हापासून हे असंच चाललं होतं. ती 'का' विचारायची आणि ते सिगारेट पेटवायचे. तरी रोज सकाळी त्यांचा चहा तीच करायची, आणि त्यांना धाप लागली की जिन्यावर हातही तीच द्यायची. दोघांनाही दुसरं कुणी नव्हतं.

भिंतीवर ओळीनं आठ कॅनव्हास टांगलेले होते. सगळ्यांवर एकच चित्र, सतराव्या शतकातलं, बरोक शैलीचं, कुण्या डच चित्रकाराचं. अर्धं सोललेलं लिंबू, उघडी कालवं, काचेचा पेला आणि कथलाची सुरई. गल्लीची रीत अशी, की आधी आठही ठिकाणी लिंबू काढायचं, मग आठही ठिकाणी पेला, आणि सुरई सगळ्यांत शेवटी. मूळ चित्रकारानं सुरईच्या पोटावर खिडकीचं प्रतिबिंब काढलं होतं, आणि त्या खिडकीपाशी स्टुलावर बसलेला नखाएवढा तो स्वतः. रूयुनच्या सुरयांत खिडकी होती, स्टूलही होतं. स्टुलावर कुणी नव्हतं.

ही आठ चित्रं मागवणाऱ्या हॉटेलच्या मॅडमचा फोन आला. उद्या ती न्यायला गाडी येणार होती. "सुरईतला माणूस हवाच," त्या म्हणाल्या.

"नमुन्याच्या फोटोत तो धूसर आलाय," रूयुन म्हणाली. "कुणाला तरी बघून काढावा लागेल. शीफू, बसा ना खिडकीत."

शीफूंनी तिच्याकडे पाहिलं, मग ओल्या चित्रांकडे. आणि खरं सांगायचं तर त्यांनाही मोह झाला. आयुष्यभर दुसऱ्यांची चित्रं काढली, पण त्यांना चित्रात कुणी बसवलं नव्हतं.

"नाक जरा बारीक काढ," ते हातात ब्रश घेऊन स्टुलावर बसत म्हणाले. "आणि केस काळे."

"नखाएवढ्या माणसाला कसले केस? हलू नका."

आठही सुरयांत शीफू बसले. आठवे होईतो खरे शीफू भिंतीला डोकं टेकून पेंगले होते. रूयुननं हात पुसले आणि तांदळाच्या शेवया खायला खाली उतरली.

परत आली तेव्हा दुपार कलली होती. खोलीत जवसाच्या तेलाचा वास होता, आणि त्याच्याखाली... ताज्या लिंबाचा. घरात लिंबू नव्हतं.

ती पहिल्या चित्रापाशी थांबली. सुरईत शीफू बसले होते, हातात ब्रश. दुसऱ्यात ब्रश मांडीवर होता. तिसऱ्यात ते अर्धवट उठलेले. रंग ओघळला असेल, तिनं मनाशी म्हटलं. चौथ्यात ते उभे होते. पाचव्यात त्यांची पाठ. सहाव्यात ते खिडकी ओलांडत होते. सातव्यात चौकटीवर फक्त एक टाच.

आठव्यात नुसतं स्टूल.

"शीफू," ती न वळता म्हणाली, "उठा आता."

ती वळली. शीफू होते तसेच बसलेले, डोळे अर्धे उघडे. तिनं त्यांचा हात धरला. कथलासारखा गार. नाकाशी बोट नेलं. काहीच नाही.

"शीफू... नाटकं पुरे हं. ऐकताय ना...?"

मग तिनं ब्रश उचलला. आठव्या सुरईतल्या रिकाम्या स्टुलावर त्यांना पुन्हा बसवू लागली. रंग घसरला, तिनं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा घसरला. "बसा," ती दात आवळून म्हणत होती, "बसा म्हणते ना, म्हाताऱ्या माणसानं किती छळावं..." आणि एकाएकी हात स्थिर झाला. इतका स्थिर तो कधीच नव्हता. पाठ कॅनव्हासवर उतरली. खांदे उतरले. मान. शेवटी नाक, तेही बारीक.

खिडकीकडून खोकल्याचा आवाज आला.

शीफू श्वास घेत होते. रूयुननं ब्रश टेबलावर टाकला आणि त्यांच्यासमोर मटकन बसली.

"किती गार होतं गं तिकडे, पोरी..."

"बोलू नका. चहा ठेवते." ती रडत होती आणि रागावतही होती. "परत असलं काही करायचं नाही. माझंच चुकलं, बस!"

"तिकडून तू दिसत होतीस. एवढीशी, उजेडात. चांगला हात चालत होता तुझा." त्यांनी डोळे बारीक केले. "पण ती बाई कोण?"

"कसली बाई?"

"तुझ्या मागे उभी होती ती. तू ब्रश उचललास की तीही उचलायची... नंतर नंतर तर आधी ती उचलायची, मग तुझा हात हलायचा."

"इथे कुणी नाहीये, शीफू."

शीफू तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिले. मग त्यांनी टेबलाकडे पाहिलं, आणि पुन्हा पलीकडे.

"तुझा ब्रश तर खाली ठेवलायस," ते अगदी हळू म्हणाले. "मग तिचा अजून वर का...?"