दुपारचं शूटिंग

मी काकड्या, राहणार वेवजी, वय अंदाजे पासष्ट. चाळीस वर्षं घोलवडच्या वाड्यांमध्ये चिकू काढले. अक्षरं बावन्नाव्या वर्षी शिकलो, म्हणून हळू लिहितो. पण तारीख आणि वेळ टिपायची सवय तेव्हापासून लागली. हे वहीत बघूनच लिहिलं आहे.

२०१८च्या नोव्हेंबरात जमीन हलायला लागली. आधी दगडाच्या खाणीत सुरुंग उडाल्यासारखा आवाज यायचा, मग पत्रे वाजायचे. आमच्या भिंतीला वीतभर तडा गेला. सगळ्या पाड्यानं अंगणात ताडपत्र्या बांधल्या. आमची पिवळी होती. तिच्याखाली मी, मुलगा दिपक, सून संगिता आणि तळासरीला बारावीत शिकणारी नात योगिता असे राहत होतो.

कधीही घर अंगावर येईल, असं झाल्यावर माणूस मागं वळून बघतो. एवढा जगलो तो कशासाठी, हे मला वहीत लिहिता येईना. योगिता म्हणाली, "आजा, लिहू नको. शूटिंग कर. रोज थोडं. मग सगळं जोडून बघ, काय दिसतं ते."

तिचा जुना फोन मी घेतला. करवंटीत वाळू भरून त्यात तो उभा खोचायचा आणि ओट्यावर ठेवायचा. रोज दुपारी दहा मिनिटं. मी समोर बसून बेडणीची जाळी विणायचो. बेडणी म्हणजे चिकू काढायचा बांबू, टोकाला जाळी असते. ही आखूड होती, खालच्या फांद्यांची. माझी बायको सुकी हिची. सुकी दर शनिवारी गोंदलेल्या हातांनी बेडणीला करंजाचं तेल लावायची.

आमच्या घरात मेलेल्या माणसाची बेडणी मोडून त्याच्याबरोबर चितेवर ठेवतात. सुकी गेली तेव्हा मी ती मोडली नाही. बांबू सरळ होता, मुरलेला होता. पुढं दिपक ती वापरायला लागला.

दिपकचा हात बायकोवर उठायचा. डिसेंबरात संगिताचं मनगट सुजलं होतं. एकदा तिचा ओठ फाटला. मी तिथंच बसलेलो असायचो. जाळी विणत राहायचो.

पहिले आठ दिवस फोनमध्ये एक म्हातारा जाळी विणताना दिसला. नवव्या दिवशी योगितानं विचारलं, "आजा, आज हातात धरून कोणी काढलं?"

"कोणी नाय. करवंटीत होता."

"हलतंय बघ. आणि हे कोण श्वास घेतंय?"

चित्र हळूहळू वरखाली होत होतं. दुसऱ्या दिवशी मी करवंटीभोवती खडूनं गोल काढला. दहा मिनिटांनी करवंटी गोलातच होती, वाळूतली खाचही तशीच होती. फोनमध्ये मात्र मी पाणी प्यायला माठाकडं गेलो, तेव्हा चित्र माझ्या मागून घरात आलं होतं.

मग ते रोज जवळ यायला लागलं. एका दिवशी फक्त माझी मान दिसत होती, मानेवरचा घाम दिसत होता. मी योगिताला दाखवणं बंद केलं.

चार जानेवारीच्या शूटिंगमध्ये माझे केस काळे होते.

मागं अंगण नव्हतं. घोलवडची वाडी होती, विहिरीपासूनची तिसरी ओळ. फोनमध्ये मी बेडणी दोन्ही हातांनी उचलली आणि थेट बघणाऱ्यावर मारली. एकदा. परत. तिसऱ्यांदा. चित्र खाली पडलं आणि चिकूच्या पानांमधून आभाळ दिसत राहिलं.

ते आता लिहितो. बत्तीस वर्षांपूर्वी मालकानं एक कागद दिला. मी तो उलटा धरून वाचल्यासारखं केलं. सुकी सगळ्यांसमोर हसली. दुपारी, बाकीचे जेवायला गेल्यावर, मी तिला याच बेडणीनं मारलं. ती उठली नाही. फांदीवरून पडली असं सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली. दिपक तेव्हा पाच वर्षांचा होता.

पाच जानेवारीच्या शूटिंगमध्ये मारणारा मी नव्हतो. निळ्या चौकड्यांचा शर्ट घातलेला दिपक होता. त्याच्या मागं पिवळी ताडपत्री होती. वार चुकवायला एक हात पुढं आला. त्या हातावर तव्याचा डाग होता. तो हात संगिताचा.

संगिताला असा मार अजून बसला नव्हता.

मी बेडणी मोडायला उठलो. ती जागेवर नव्हती, जाळी पुरी झाली म्हणून दिपक सकाळीच कामावर घेऊन गेला होता. संगिता भांडी घासत होती.

"बाय, योगिताला घेऊन बोर्डीला भावाकडं जा. आजच."

"का? घर पडणार हाय?"

"हो."

"मग तुमी कशाला थांबता?" ती हसली. "पेज कोण घालील तुमाला?"

मी परत ओट्यावर जाऊन बसलो.

सहा जानेवारी, रविवार. दिपक घरी होता, अंगात निळा शर्ट. बेडणी उशाशी घेऊन झोपला होता, ती मला घेता आली नाही. फोन मी बंद करून पत्र्याच्या डब्यात ठेवला होता. दुपारी दिपक आत जेवायला बसला, बेडणी त्यानं दाराला टेकवली. मी तिच्याकडं निघालो.

तेवढ्यात धक्का आला. पत्रे कडाडले. दिपक ताट लाथाडून, योगिताच्या खांद्यावरून उडी मारून पहिला अंगणात आला.

समोरचा चिमण ओरडला, "अरे दिपक, कोंबडी तरी घ्यायची बरोबर!"

पाडा हसला. संगिता म्हणाली, "सरकारला सांगा, भोंगा नको. आमचा मालक पळाला का समजायचं, धक्का आला!" आणि तीही हसली.

दिपक हसला नाही. त्यानं बेडणी उचलली.

मी मध्ये गेलो. पहिला वार माझ्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं.

"दिपक! तुझी आय पडली नव्हती! मी मारली तिला!"

तो थांबला. लहान पोरासारखं बघितलं.

"माहीत हाय," तो म्हणाला. "मी झाडावर होतो."

दुसरा वार कानावर बसला.

तिसरा मला आठवत नाही. चिमणनं आणि बाकीच्यांनी त्याला धरलं. मला दवाखान्यात नेलं. संगिता आणि योगिता त्याच दुपारी बोर्डीला गेल्या. आजपर्यंत तिथंच आहेत, सुखरूप आहेत. योगिता फोन करते. मी डाव्या कानानं ऐकतो.

दवाखान्यातून आलो तेव्हा फोन ओट्यावर, करवंटीत उभा होता.

त्यात त्या दुपारचं सगळं होतं. या वेळी चित्र अजिबात हललं नव्हतं. तीन वार. आरडाओरडा. मला उचलून नेलं. अंगण रिकामं झालं. मधोमध बेडणी पडलेली.

बराच वेळ काही नाही.

मग फोनच्या अलीकडून दोन हात पुढं आले. मनगटावर गोंदणाचे ठिपके, हिरव्या बांगड्या. त्यांनी बेडणी उचलली, फडक्यानं पुसली आणि अलीकडं घेतली.

बेडणी आम्हाला परत सापडली नाही. चिमणनं विहिरीतसुद्धा गळ टाकून बघितला.

आता घरात मी आणि दिपक. फोन मी डब्यात घालून कुलूप लावलं आहे, किल्ली माझ्या करगोट्याला असते.

काल शनिवार होता. दुपारी दिपक जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "बाबा, ते शूटिंग बंद कर."

"फोन डब्यात हाय."

त्याचा घास हातातच राहिला. मी ओट्याकडं बघितलं. करवंटीतल्या वाळूत ताजी खाच होती, त्याच्या ताटाकडं तोंड केलेली.

आणि घरभर करंजाच्या तेलाचा वास येत होता.