तिकडे डोळ्यांत बघतात

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली होती आणि लिफ्टमध्ये मास्तर. वरचं दार करकरत उघडलं... तेलानं माखलेला एक हात आत आला.

"हात द्या. लाजताय काय, नवरी आहात का?"

मास्तर वर आले. कडक इस्त्रीच्या बाहीवर काळी बोटं उमटली होती.

थोड्या वेळानं तीच लिफ्ट दुरुस्त करणारी मुलगी त्यांच्या वर्गात, पहिल्या बाकावर! कंपनी तिला दोन वर्षांसाठी परदेशी पाठवत होती. तिकडच्या रीतीभाती शिकवायला हे मास्तर नेमले होते.

"तिकडे," मास्तरांनी घसा साफ केला, "अनोळखी माणसाचा हात धरत नाहीत."

"मग मघाशी वर कसे आलात? उडत?"

वर्ग हसला. तीही हसली. खिडकीची काच थरथरली.

"तिकडे इतक्या मोठ्यानं—"

"हसत नाहीत. आईचंही तेच चाललंय. सर, मी येणार म्हणून तिकडच्यांचा असा वर्ग घेतलाय का कुणी?"

मास्तरांनी वहीचं पान उलटलं.

"तुम्ही किती देश फिरलात?"

"एकही... नाही. वाचलंय."

"पोहायलाही वाचूनच शिकलात वाटतं!"

पुढचा नियम: बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं. हे मास्तरांनी पंख्याकडे बघून सांगितलं. मग रोज समोरासमोर बसून सराव. महिनाभरात मास्तरांची नजर तिच्या गालावरच्या ग्रीसच्या ठिपक्यापर्यंत पोचली... तिथून पुन्हा पंख्यावर.

शेवटचा नियम: हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. "'बघू' म्हणून वेळ मारून न्यायची नाही."

वर्ग संपला. दोघं लिफ्टनं खाली निघाले आणि लिफ्ट मध्येच थांबली.

"पुन्हा बिघडली?"

"माझ्या हातची लिफ्ट बिघडत नाही. थांबवलीय." तिच्या बोटाभोवती किल्ली गरगरत होती. "परवा माझं विमान. आई म्हणते, तिकडून जरा सुधारून ये. मी नाही सुधारणार. अशीच जाणार, अशीच येणार. अशी... चालेन तुम्हाला?"

"ब—"

"'बघू' म्हणालात तर मुक्काम इथेच."

मास्तरांनी वर पाहिलं. लिफ्टला पंखा नव्हता. मग कुठे बघणार बिचारे? थेट तिच्या डोळ्यांत.

"हो," ते म्हणाले. "सुधारून आलात तर मात्र... नाही."

ती हसली. अख्खी इमारत हादरली. खालून वॉचमन ओरडला, "काय झालं हो?"

"काही नाही, काका! दुरुस्ती चाललीय!"

आणि तिनं किल्ली खिशात टाकली.