लुओंगच्या जबड्याचा नकाशा

घरच्या माणसाचा फोटो मी का काढत नाही, असं तू कामाला लागल्या दिवशीच विचारलंस म्हणून सांगते. नाहीतर या मशीनजवळ मी तो विषय काढत नाही.

नाम दिन शहरातल्या या दवाखान्यात मी अठरा वर्षं जबड्यांचे फोटो काढतेय. ऑपरेशनआधी डॉक्टरला खालच्या जबड्याचा नकाशा लागतो. हाड कुठे पातळ आहे, ओठाला जाणीव देणारी नस हाडातून कुठून जाते, ते त्यात दिसतं. नस तुटली की ओठ कामातून गेला. चेहरे मी विसरते गं, जबडे विसरत नाही.

त्या दिवशी दुपारी दोनला माझा धाकटा भाऊ लुओंग आला. डावीकडे हाडात पाणी भरलेली गाठ झाली होती, दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाख ती काढणार होते. लुओंग अंत्ययात्रांना सनई वाजवून पोट भरायचा.

"ताई, ओठ तेवढा सांभाळा म्हणावं डॉक्टरांना. माझं दुकान तेच आहे," तो हसत म्हणाला.

मी त्याची हनुवटी टेकवली, गिळू नकोस, बोलू नकोस म्हणून बजावलं आणि काचेमागे आले. मशीन त्याच्या डोक्याभोवती घरघरत फिरलं. या खोलीला खिडकी नाही, बाहेर कडक ऊन होतं, आणि मला ओल्या चिखलाचा वास आला.

पडद्यावर जबडा उमटला. गाठ नव्हतीच. डावीकडच्या तीन दाढाही नव्हत्या. त्यांच्या जागी हाडात खोट्या दाढांचे दोन स्क्रू, मागचा किंचित तिरका, नसेपासून दोन मिलिमीटरवर. ते दोन मिलिमीटर कधीकाळी मीच मोजले होते. तो जबडा आमच्या बाबांचा होता. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती.

जुनी फाईल उघडली असेल म्हणून नाव पाहिलं, तारीख पाहिली. लुओंग, आजची. पुन्हा फोटो काढला. तेच. फक्त या वेळी पडद्यावरचं तोंड उघडं होतं. काचेपलीकडे लुओंग दात आवळून बसला होता.

 हे कशामुळे होतंय, ते मला ठाऊक होतं.

त्याच्या आदल्याच वर्षी, रीतीप्रमाणे तीन वर्षं भरल्यावर, आम्ही बाबांचं थडगं उघडलं होतं. हाडं धुवायची, मातीच्या पेटीत मांडायची, पेटी कायमची बंद करायची, आणि सगळं ऊन पडायच्या आत. स्मशानात पाणी साचलं होतं, शेजारची थडगी एकमेकांत मिसळली होती. मोठ्या काकांनी चिखलातून खालचा जबडा काढला आणि धुऊन माझ्या हातात दिला. डावीकडच्या तिन्ही दाढा शाबूत. स्क्रू नाहीत. कुणाचा होता कोण जाणे, बाबांचा नव्हता. पण उजाडत आलं होतं, काका घाई करत होते, आणि माझं तोंडच उघडेना. मी तो पेटीत ठेवला. एवढी वर्षं जबडे बघणारी मी, माझी अक्कल तेव्हा कुठे गेली होती?

"ताई, अजून किती?" लुओंगने आतून विचारलं.

चार वेळा फोटो काढला. मग त्याच्याशेजारी बसून सगळं सांगितलं. 

"तेव्हाच बोलली असतीस तर..." एवढंच तो म्हणाला.

बाबांचा खरा जबडा शोधू या म्हणून काकांना फोन केला. बंद केलेली पेटी उघडत नाहीत, आणि तो खड्डा पुन्हा उकरायला तुला वेड लागलंय का, म्हणाले. डॉक्टरांना मशीन बिघडल्याचं सांगितलं. त्यांनी दुसरीकडे फोटो काढायला पाठवलं, तिथेही तेच दोन स्क्रू. सूज तर रोज वाढत होती. शेवटी डॉक्टरांनी अंदाजानेच चिरलं आणि नस तुटली.

महिन्याभरात जखम भरली. पण ओठाला सुई टोचली तरी लुओंगला कळत नसे. पेज हनुवटीवरून गळायची, मी पुसायची. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

एके सकाळी पेज भरवताना तो थबकला. ओठावर बोटं ठेवली.

"गार लागतंय, ताई."

"कळतंय तुला?" माझे डोळेच भरून आले.

"पेज नाही कळत. चिखल कळतोय... आणि कुणीतरी खणतंय."

मी वाटी खाली ठेवली. स्मशानावरून नवा रस्ता जाणार होता, दुसऱ्या दिवशी भराव पडणार होता. मी काकांच्या पाया पडले तेव्हा कुठे ते तयार झाले, आणि त्या सकाळी दोन माणसं घेऊन बाबांचा जबडा शोधायला खणत होते. लुओंगला उगाच आशा नको म्हणून मी हे सांगितलंच नव्हतं.

"कुठे खणतायत? जवळ?"

"जवळ... पण बाजूला. इथे नाही... इथेही नाही."

मी काकांना फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. हात चिखलात असले की काका फोन उचलत नाहीत. लुओंग डोळे मिटून बसला होता, त्याचा तो बधिर ओठ थरथरत होता.

"थांबले," तो म्हणाला.

मी तिसऱ्यांदा फोन लावला.

"नको लावूस आता, ताई... माती परत लोटतायत."