उलटी जोडलेली बॅटरी

कडुगन्नावाच्या चढावर आमची म्हातारी मॉरिस गाडी बंद पडली, तेव्हा पाऊस नुसता ओतत होता. मागून एक तीनचाकी येऊन थांबली आणि डोक्यावर पोतं धरून एक उंच तरुण खाली उतरला.

"बॅटरी उतरलीय," बॉनेटखाली डोकावत तो म्हणाला. "हा जुना डायनमो चार्जच करत नाही. किती वेळा दुरुस्त केलाय, टीचर?"

माझ्या हातातल्या वह्यांच्या गठ्ठ्यावरून त्यानं ओळखलं असावं.

"तीनदा..."

"तीनदा! माणूस असता तर हात जोडून सुटका मागितली असती त्यानं!"

त्या पावसातही मला हसू फुटलं. त्याचं नाव रुवन. पेरादेनियाला त्याचं गॅरेज होतं. डायनमोच्या जागी जपानी व्हॅनचा अल्टरनेटर बसवू, म्हणाला, मग दिवे, वायपर सगळं एकदम चालेल.

तो रविवारी आला. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा लहान निघाला. पुढच्या रविवारी अल्टरनेटर धरून ठेवणारी पट्टी बसेना. तिसऱ्या रविवारी तर काम कमी, आणि माझ्या अम्मानं केलेला किरीबत, नारळाच्या दुधातला भातच तो जास्त जेवला.

"एवढा वेळ लागतो का रे?" अम्मानं विचारलं.

"जुनी गाडी आहे, अम्मा," माझ्याकडे बघत तो म्हणाला. "घाई करून नाही चालत."

इश्श! मी वाढता वाढता भात सांडला.

चौथ्या रविवारी सगळं जोडून झालं. "बॅटरी मी आल्यावर जोडतो," म्हणत तो हात धुवायला विहिरीवर गेला. पण मला कुठला धीर! आमच्या जुन्या गाडीत बॅटरीचं प्लस बॉडीला जोडायचं, हे तात्तांनी, माझ्या वडिलांनी, मला लहानपणीच शिकवलेलं. नव्या अल्टरनेटरला ते बरोबर उलट लागतं, हे रुवननं दोनदा सांगितलं होतं. पण हातांनी तात्तांचंच ऐकलं.

चर्रर्र... ठिणगी उडाली. जळका वास!

त्या अल्टरनेटरसाठी त्यानं कोलंबोचे भंगारबाजार पालथे घातले होते. आता हा माणूस आमच्या फाटकाकडे फिरकायचाही नाही, असं वाटून माझे डोळे भरून आले.

रुवन धावत आला. "मीच... उलटी जोडली," मी कशीबशी म्हणाले.

तो वाकला. तारा चाचपल्या, दिवा लावून तपासलं. आणि मग खो खो हसत सुटला.

"फ्यूज गेलाय, टीचर. नुसता फ्यूज!"

"आणि अल्टरनेटर?"

"ठणठणीत! तो फ्यूज मुद्दामच घातला होता मध्ये. असली गाडी असलेल्या घरात कुणीतरी एकदा उलटी जोडतंच. माझ्या वडिलांनी दोनदा जोडलीय."

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच पायरीवर बसून रडत रडत हसले.

नवा फ्यूज घातला. मॉरिस घुमली, दिवे लखलखले, वायपर कोरड्या काचेवर नाचू लागले.

"झालं," तो म्हणाला. हात स्वच्छ होते, तरी पुसतच होता. "आता ही नाही बंद पडायची. म्हणजे मलाही यायला..."

"खरं सांगा," मी विचारलं, "हे काम पहिल्याच रविवारी होण्यासारखं होतं ना?"

त्याचे कान लाल झाले. "दुसऱ्या. पट्टा खरंच लहान होता."

"मग माझंही ऐका. मला तुम्ही आवडता, रुवन. गाडी चालो, नाहीतर बंद पडो."

त्याचं हात पुसणं थांबलं.

"पुढच्या रविवारी आईला घेऊन येतो," तो हळूच म्हणाला. "हत्यारांची पेटी घरी ठेवून."

दारातून पळी उंचावत अम्मा ओरडली, "सकाळीच या म्हणावं, जेवायला!"