झाकणाचे दहा बोल्ट

तीस वर्षं मी ट्रकखाली झोपून पोट भरतोय. भुताखेतांशी माझी ओळख नाही. ग्रीसचा वास मारणाऱ्या माणसाच्या वाटेला ती जात नसावीत.

त्या दिवशी मागचा एक्सल मी स्वतः घेतला, कारण गाडी धाकट्या भावाची होती. चार महिने आजारपणात घरी बसल्यावर त्याची ही पहिली खेप. आई त्याला सोडायला तयार नव्हती. "गाडी मी तपासतो, मग तर झालं?" असं म्हणून मीच तिला गप्प केलं होतं.

डिफरन्शियलच्या, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरपेटीच्या झाकणाला दहा बोल्ट असतात. ते समोरासमोरचे आवळत जायचे, म्हणजे झाकण सगळीकडून सारखं बसतं. हवा तेवढा जोर लागला की पाना 'कट' असा आवाज करतो. मग बोल्टच्या डोक्यावरून झाकणापर्यंत पांढऱ्या रंगाची सरळ रेघ मारायची. बोल्ट हलला तर रेघ तुटते, लगेच कळतं.

हात धुऊन आलो, तर दहाही रेघा तुटलेल्या. बोल्ट सैल झाले असते तर मी स्वतःलाच दोन शिव्या घातल्या असत्या. पण ते आणखी घट्ट झाले होते.

"कुणी हात लावला का रे?"

"मी इथून हललोही नाही, दादा," धाकटा केबिनमधून म्हणाला. "आणि तू काम करत असताना हात कोण लावणार? जीव नकोसा झालाय का कुणाला?"

रेघा पुसल्या, नव्या मारल्या आणि तिथेच पडून राहिलो. बघत होतो तोवर काही हललं नाही. धाकट्याने हॉर्न वाजवला, मी मान वळवली. परत पाहिलं तर दोन रेघा तुटल्या होत्या. वरची, आणि तिच्या बरोबर समोरची खालची.

झाकणावर हात ठेवला. इंजिन कालपासून बंद, लोखंड गार. तळव्याला बारीक धक्का बसला. कट. थोड्या वेळाने पलीकडे. कट. माझ्याच लयीत कुणीतरी आतून आवळत होतं. हात झटकन मागे घेतला, खोटं कशाला बोलू.

शंका आली की उघडून बघायचं, ही माझी जुनी खोड. ऑइल काढलं, बोल्ट सोडले, झाकण उतरवलं. धाकटा उशीर होतोय म्हणून कुरकुरत होता. आत बॅटरी मारली. गिअर होते, बाकी काही नाही. तोंडावर गार हवेची झुळूक आली, एवढंच. मला माझंच हसू आलं.

नवं गॅस्केट, नवं ऑइल, पुन्हा दहा बोल्ट. अर्धा तास बसलो, मुद्दाम तीनदा पाठ फिरवली. रेघा जागच्या जागी होत्या. "जा," मी म्हणालो. काळजी नको, असा आईलाही फोन केला.

दुपारी धाकट्याचा फोन आला. चढ संपल्यावर त्याने गाडी बाजूला घेतली होती.

"गाडी मस्त पळतेय, दादा. पण केबिनच्या दारांचे बोल्ट तू कधी आवळलेस?"

"मी नाही आवळले."

"मग बिजागऱ्यांवर या रेघा कुणाच्या? अजून ओल्या आहेत."

"खाली उतर. आत्ताच्या आत्ता."

"दार उघडत नाहीये. थांब, दुसरं बघतो."

तो सीटवरून सरकल्याचा आवाज आला. मग अगदी जवळून, कट.

मग जरा लांबून.

मी मोजू लागलो. दोन्ही दारांचे मिळून बोल्ट आठ. आठ झाले आणि आवाज थांबला.

"दादा?" धाकटा म्हणाला.

मी ओ देणार, तेवढ्यात नववा आवाज आला, फोनला अगदी लागून, आणि तो लोखंडाचा नव्हता. त्यानंतर धाकटा काही बोलला नाही.